कँडीची टेकडी ते नगर रस्ता : पुण्याच्या पेपल विद्यापीठातील उपासनेचा प्रवास

पुण्याहून नगरकडे निघाले की आगाखान राजवाड्यानंतर थोड्याच अंतरावर रामवाडी लागते. आता तिथे मेट्रोचे स्थानक आहे, बाजूला उंच इमारती आहेत आणि दिवसभर गाड्यांची रीघ लागलेली असते. १९५५ साली मात्र शहर बरेच मागे संपत असे. त्या वर्षी याच माळावर सिलोनमधल्या (आजच्या श्रीलंकेतल्या) कँडीहून एक अख्खी संस्था उठून आली. पुणेकर तिला पेपल सेमिनरी म्हणतात. खरे तर इथे एकमेकांना लागून अनेक घरे आहेत : ईशज्ञान आणि तत्त्वज्ञान शिकवणारे, आज ‘ज्ञानदीप’ या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ, वेगवेगळ्या धर्मप्रांतांतून आलेल्या विद्यार्थ्यांची पेपल सेमिनरी आणि येशूसंघीयांचे म्हणजे जेझुइटांचे डि नोबिली कॉलेज.

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की कुलगुरूंची यादी, इमारतींचे सन आणि पदव्यांचे अधिकार यांनी पाने भरतात. ती माहिती हवीच, पण या लेखात तिला थोडक्यात जागा दिली आहे. धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यापीठाची खरी परीक्षा तिथली माणसे काय शिकली यापेक्षा कशी प्रार्थना करू लागली यात होते, असे मला वाटते. पेपल विद्यापीठाच्या बाबतीत हा प्रवास फार लांबचा आहे. त्याचा बराचसा भाग महाराष्ट्राच्या मातीत घडला, आणि तरीही मराठी वाचकाला तो फारसा ठाऊक नाही.

सुरुवात रोममध्ये झाली. पोप लिओ तेरावे यांनी १८८६ साली भारतात ख्रिस्तसभेची रीतसर धर्मप्रांत-रचना उभी केली. धर्मप्रांत झाले, पण ते चालवणारे बहुतेक धर्मगुरू युरोपातून आलेले होते. परके मिशनरी उद्या परत गेले तर इथली ख्रिस्तसभा कोणाच्या खांद्यावर उभी राहणार, हा प्रश्न पोपमहाशयांना छळत होता. २४ जून १८९३ रोजी त्यांनी एक पत्र काढून भारतीय धर्मगुरू भारतीय भूमीजवळच तयार व्हावेत, असा आग्रह धरला. भारताचे स्वतःचे पुत्रच त्याच्या तारणाचे सेवक होतील, अशा आशयाचे लॅटिन बोधवाक्य संस्थेला तेव्हापासून चिकटले. पोपमहाशयांचे प्रतिनिधी झालेस्की यांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली. कँडीजवळ अंपिटिया इथल्या टेकडीवर सेमिनरी उभी राहिली आणि ती बेल्जियन जेझुइटांच्या हाती सोपवण्यात आली. पहिले रेक्टर फादर सिल्व्हाँ ग्रोज्याँ बंगालच्या मिशनमधून आले होते. छोटा नागपूरच्या आदिवासींमध्ये आयुष्य झिजवणाऱ्या फादर लीव्हन्स यांना तिकडे धाडणारे वरिष्ठ हेच. म्हणजे पुस्तकी शिक्षणाची सूत्रे ज्यांच्या हाती आली, त्यांना चिखलातल्या कामाची जाण होती.

कँडीच्या टेकडीवरचे जीवन कडक शिस्तीचे होते. पहाटे घंटा, मूक मनन, मिस्सा, मग वर्ग. दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण. रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत पूर्ण मौन. वर्ग लॅटिनमध्ये, पाठ्यपुस्तके लॅटिनमध्ये, उपासनाही लॅटिनमध्ये. कोकणी, तमिळ, मल्याळम, बंगाली बोलणाऱ्या घरांतून आलेली पोरे एकमेकांशी इंग्रजीत बोलत आणि देवाशी लॅटिनमध्ये. आज हे वाचताना विचित्र वाटते. पण त्या काळी जगभरच्या बहुतेक कॅथलिक सेमिनऱ्यांत हेच चालू होते, आणि त्या शिस्तीने घडवलेली माणसे कच्ची नव्हती. १९२६ साली संस्थेला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान या विषयांतल्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. मूळ गोव्याच्या कुटुंबातले, कराचीत जन्मलेले व्हॅलेरियन ग्रेशस कँडीलाच शिकले. पुढे ते मुंबईचे आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. लिओ तेराव्यांनी पाहिलेले स्वप्न साठ वर्षांत फळाला आले, त्याचा हा जाहीर पुरावा होता.

दरम्यान भारत आणि सिलोन स्वतंत्र झाले, आणि भारतीय धर्मप्रांतांची मध्यवर्ती सेमिनरी परक्या देशात राहून गेली. म्हणून १९५५ साली ती पुण्यात आणली गेली. अंपिटियाच्या वास्तूत सिलोनची राष्ट्रीय सेमिनरी सुरू झाली. पुण्यात जेझुइटांचे डि नोबिली कॉलेज आधीपासून होतेच. ज्यांचे नाव त्याला दिले, ते रॉबर्ट डि नोबिली सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मदुराईत भगवी वस्त्रे नेसून, संस्कृत आणि तमिळ आत्मसात करून संन्याशासारखे राहिले. त्याच काळात गोव्याच्या बाजूला फादर थॉमस स्टीफन्स मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचत होते. ते १६१६ मध्ये छापले गेले. एकाच संघाचे दोन पुरुष दोन टोकांना एकच गोष्ट करत होते. सेमिनरी पुण्याला आल्यावर या वारशाकडे पाठ फिरवून राहणे कठीण झाले. कँडीच्या टेकडीवर जे शक्य होते ते नगर रस्त्यावर शक्य नव्हते. आषाढाच्या तोंडावर आळंदी-देहूच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येत. भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज, संस्कृतचे पंडित, सगळे हाकेच्या अंतरावर होते.

या काळातले सर्वांत मोठे नाव फादर जोसेफ नॉयनर यांचे. १९०८ साली ऑस्ट्रियात जन्मलेले हे जेझुइट १९३८ मध्ये भारतात आले. दुसरे महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी त्यांना शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून नजरकैदेत ठेवले. छावणीतली ती सक्तीची वर्षे त्यांनी संस्कृत शिकण्यात घालवली. पुढे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे ईशज्ञानाचे धडे घेतले. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ते तज्ज्ञ म्हणून होते. इतर धर्मांविषयी आदराने बोलणारी ‘नोस्त्रा एताते’ ही घोषणा २८ ऑक्टोबर १९६५ रोजी निघाली, तिच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. त्याच्या एक वर्ष आधी, नोव्हेंबर १९६४ मध्ये, मुंबईत जागतिक युखरिस्त अधिवेशन भरले. पोप सहावे पॉल त्यासाठी आले, आणि यजमान होते कँडीचे जुने विद्यार्थी कार्डिनल ग्रेशस. अधिवेशनाच्या निमित्ताने ख्रिस्ती साक्षात्कार आणि जगातले धर्म या विषयावर धर्मपंडितांची परिषद झाली. तिथले निबंध पुस्तकरूपाने संपादित केले ते नॉयनरांनीच.

नॉयनरांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मोठी आहे, आणि विद्यापीठातल्या आध्यात्मिक जीवनाची खोली तिच्यातून कळते. १९६१ मध्ये ते रिट्रीट देण्यासाठी कोलकात्याला गेले. तिथे मदर तेरेसांनी त्यांच्यापाशी मन मोकळे केले. रस्त्यावर मरणाऱ्यांना उचलून आणायला लागल्यापासून त्यांच्या अंतरंगात काळोख होता. देव जवळ असल्याची जाणीव हरवली होती, प्रार्थना कोरडी झाली होती, आणि सगळे जग त्यांचे हसरे तोंड पाहत होते. त्यांनी ते लिहून नॉयनरांना दिले. नॉयनरांचे उत्तर साधे होते. या काळोखावर माणसाकडे उपाय नाही. देवाची तहान लागणे हीच त्याच्या जवळ असण्याची खूण आहे. हा काळोख म्हणजे क्रुसावरच्या येशूच्या एकटेपणात मिळालेला वाटा आहे. मदर तेरेसांनी पुढे कळवले की, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या काळोखावर प्रेम करणे त्यांना जमू लागले. ही पत्रे २००७ मध्ये पुस्तकात छापून आली, तेव्हा नॉयनर ९९ वर्षांचे होते. दोन वर्षांनी पुण्यातच त्यांचे निधन झाले. विद्यार्थ्यांना शुष्कतेच्या काळात धीर देणारा माणूस वर्गाबाहेरही काय होता, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लॅटिनच्या बाहेर आली. एप्रिल १९६९ मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमने मान्यता दिली, आणि पुण्याच्या या आवारात त्यांचे प्रयोग झाले. भारतीय पद्धतीची मिस्सा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी ती जवळून सांगतो. चपला बाहेर काढून सगळे जमिनीवर बसतात. वेदीच्या जागी एक ठेंगणे आसन असते आणि त्यावर तबक. शेजारी मेणबत्तीऐवजी समई. याजक जड झग्याऐवजी खांद्यावर शाल पांघरून मांडी घालून बसतो. गुडघे टेकण्याच्या जागी पंचांग प्रणाम, एकमेकांना शांती देताना हात जोडून नमस्कार. भाकर आणि द्राक्षरस उंचावला की फुले, धूप आणि निरांजन यांनी आरती होते. ज्या विद्यार्थ्याने लहानपणी आजीच्या मांडीवर बसून फक्त लॅटिन ऐकले, त्याला पहिल्यांदा हे पाहून काय वाटले असेल? कित्येकांना हे घरी परतल्यासारखे वाटले. काहींना आपला धर्म हिरावला जातोय असेही वाटले. देशातल्या अनेक कॅथलिक कुटुंबांनी या बदलांना विरोध केला आणि त्यावर वृत्तपत्रांतून भांडणेही झाली.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता, आणि त्याची मुळे मराठी मुलखात आहेत. भारतीयपण म्हणून जे स्वीकारले जाते ते कोणाचे? संस्कृत श्लोक, शाल आणि समई ज्यांच्या घरात कधी नव्हती, ज्यांना देवळाच्या पायरीवरूनही हाकलले गेले, त्या नगर-संगमनेर-श्रीरामपूरकडच्या दलित ख्रिस्ती माणसांना ही मिस्सा किती आपली वाटणार? मराठी प्रॉटेस्टंट धर्मपंडित अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरमध्ये दलितांच्या ईशज्ञानाची मागणी उघडपणे मांडली आणि त्या प्रश्नाला आवाज मिळाला. पेपल विद्यापीठात तो प्रश्न पुढे नेला फादर जॉर्ज सोआरिस-प्रभू यांनी. ते नव्या कराराचे अभ्यासक. येशूने ज्यांना जवळ केले त्या गरीब आणि बहिष्कृत माणसांच्या नजरेतून शुभवर्तमान वाचा, हे त्यांचे सांगणे होते. १९९५ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे लेख नंतर ‘द धर्मा ऑफ जीझस’ या नावाने पुस्तकरूपाने आले. माझ्या मते आरती आणि शुभवर्तमानाचे हे वाचन, दोन्ही लागतात. एकट्या आरतीने मिस्सा भारतीय होत नाही.

या घरांतून पुण्याच्या पेठांकडेही एक वाट गेली. फ्रेंच जेझुइट गी डल्युरी यांनी वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट तुडवली, तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि विठ्ठलभक्तीवर ग्रंथ लिहिला. तो १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. जर्मन जेझुइट मॅथ्यू लेडर्ले यांनी आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वविचारावर १९७६ मध्ये मोठे पुस्तक लिहिले. शनिवार पेठेतल्या ‘स्नेहसदन’ने या ओढीला घर दिले. तिथे हिंदू आणि ख्रिस्ती माणसे एका सतरंजीवर बसून संतांविषयी आणि येशूविषयी बोलत. धर्मांतराचा संशय ज्या पेठांमध्ये सहज निघतो, तिथे विश्वास मिळवायला वर्षे लागतात. डल्युरी आणि लेडर्ले यांनी ती वर्षे दिली.

बेल्जियन फादर रिचर्ड डी स्मेट यांनी शंकराचार्यांचा विचार आयुष्यभर अभ्यासला. शंकराचार्यांचे ब्रह्म निर्गुण असले तरी ते व्यक्तित्वशून्य ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा आजही अभ्यासक वादात घेतात. नॉयनर आणि डी स्मेट यांनी हिंदू धर्माची ओळख करून देणारा ग्रंथ सेमिनरीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि मिशनऱ्यांसाठी एकत्र सिद्ध केला. पुढे शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. तिथल्या सिस्टर सारा ग्रँट यांनी डी स्मेट यांच्याच वाटेने अद्वैताकडे पाहिले. पुणे त्या काळात भारतीय ख्रिस्ती चिंतनाची राजधानी झाले होते, हे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

आवारातल्या प्रार्थनेला सर्वांत मोठे वळण मात्र एका मुंबईकराने दिले. फादर अँथनी डिमेलो १९३१ साली मुंबईत जन्मले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी डि नोबिली कॉलेजमध्ये ‘साधना’ नावाचा निवासी उपक्रम सुरू केला. धर्मगुरू आणि व्रतस्थ भगिनी काही महिने एकत्र राहून मौनात बसायला, श्वासाकडे लक्ष द्यायला, शरीरातल्या संवेदना न्याहाळायला आणि आपल्या मनाचे खेळ ओळखायला शिकत. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस यांच्या अध्यात्म-साधनेत कल्पनाशक्तीला महत्त्व आहे. डिमेलोंनी त्याला पूर्वेकडच्या ध्यानपद्धतींची आणि आधुनिक मानसशास्त्राची जोड दिली. ‘साधना : अ वे टू गॉड’ हे पुस्तक १९७८ मध्ये गुजरातेतल्या आणंदहून निघाले आणि जगभर पसरले. ‘साधना’ पुढे लोणावळ्याला गेली. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डिमेलोंचे अकाली निधन झाले. १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही लेखनाविषयी जाहीर इशारा दिला. काही विधाने कॅथलिक श्रद्धेशी सुसंगत नाहीत असे त्यात म्हटले होते. इतिहास लिहिताना हे लपवण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर हेही नोंदवले पाहिजे की, ज्या हजारो धर्मगुरूंना आणि भगिनींना नुसत्या पाठ प्रार्थनेचा कंटाळा आला होता, त्यांना पुन्हा शांतपणे देवापुढे बसायला शिकवले ते याच माणसाने. वाद विधानांवर होता. गुडघ्यांना आणि श्वासाला त्यांनी दिलेली सवय मोडली नाही.

व्हॅटिकन परिषदेनंतर विद्यापीठाचे दार व्रतस्थ भगिनींसाठी आणि प्रापंचिकांसाठी उघडले. त्याआधी ईशज्ञान हा पुरुषांचाच विषय होता. वर्गात बहिणी आल्या, तसे प्रश्नही वेगळे येऊ लागले. लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकारा या तीन विधींचे विद्यार्थी एकाच आवारात राहतात. एका रविवारी केरळच्या सुरियानी परंपरेतला मंत्रगजर, दुसऱ्या रविवारी झारखंडच्या मांदराच्या ठेक्यावरचे गीत. भारताची ख्रिस्तसभा इथे जशी एकत्र दिसते तशी फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

आणि मग रविवारचे काम. आठवडाभर वाचलेले ग्रंथ बाजूला ठेवून हे ब्रदर, म्हणजे सेमिनरीतले विद्यार्थी, शहराच्या वस्त्यांमध्ये, धर्मग्रामांत, रुग्णालयांत, तुरुंगांत जातात. मुलांना धर्मशिक्षण देतात, आजाऱ्याच्या खाटेशी बसतात, झोपडीत एकत्र प्रार्थना करतात. केरळच्या किंवा झारखंडच्या मुलाला मराठी येत नाही, म्हणून पहिले काही महिने तो बहुतेक गप्पच राहतो. वस्तीतली बाईच त्याला ‘बसा ब्रदर, चहा घ्या’ म्हणून भाषेचा पहिला धडा देते. पुढे धर्मगुरू झाल्यावर या मुलांना पुस्तकातली किती वाक्ये आठवतात कोण जाणे. पण ती बाई आणि ती खाट विसरत नाहीत, असे माझ्याशी बोललेल्या अनेक फादरांचे म्हणणे आहे. कॉलेजमध्ये शिकणाऱ्या ख्रिस्ती तरुणांची रिट्रीट घ्यायलाही इथलेच विद्यार्थी जातात, आणि अनेकांना आपल्या गुरुदीक्षेचा अर्थ तिथेच कळतो.

फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल भारतात आले आणि पुण्यात त्यांनी या सेमिनरीला भेट देऊन विद्यार्थ्यांबरोबर मिस्सा अर्पण केली. लिओ तेराव्यांनी रोममध्ये बसून ज्यांची कल्पना केली होती, त्या भारतीय सेमिनरियनांसमोर शंभरेक वर्षांनी पोपमहाशय स्वतः उभे राहिले. त्या दिवसाची आठवण सांगणारी पिढी अजून आहे.

पुण्यात येऊन आता सत्तर वर्षे झाली. या काळात संस्थेने इंग्रजीतून फार मोठे काम केले, आणि भारतभरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी माध्यम अपरिहार्यही आहे. पण डल्युरी आणि लेडर्ले यांची वाट रुंद झाली नाही, ही माझी तक्रार आहे. मराठीतून लिहिलेले ईशज्ञान अजून मोजकेच आहे. ज्या राज्याने स्टीफन्सचे क्रिस्तपुराण आपल्या साहित्याच्या इतिहासात मानाने ठेवले, त्या राज्याच्या भाषेत या आवारातून अधिक पुस्तके आणि प्रार्थना यायला हव्यात. आषाढातल्या पालखीबरोबर एक तरी टप्पा चालणे हा इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा भाग व्हावा, असे मला मनापासून वाटते. मराठीचा सराव वस्तीपुरताच न ठेवता चॅपेलमध्येही व्हावा.

माजी विद्यार्थ्यांना आणि वाचकांना एक विनंती. कँडीहून आलेल्या पहिल्या तुकडीची पत्रे, लॅटिन मिस्सेची हातांनी उतरवलेली पाने, सत्तरच्या दशकातल्या भारतीय उपासनेचे चक्रमुद्रित कागद, स्नेहसदनातल्या बैठकांची छायाचित्रे कुणाच्या घरात, धर्मग्रामाच्या कपाटात किंवा मठाच्या ट्रंकेत पडून असतील. ती वाळवीच्या तोंडी देऊ नका. ती विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे पोचवा, आणि शक्य असेल तर त्याबरोबर आपली आठवण मराठीत दोन पानांत लिहून द्या.